तीन तासांत दीड किलोमीटर: आईला असं जंगलात नेऊन खरंच फरक पडतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा की आई ६१ वर्षांची, वडील जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून डोंबिवलीच्या घरात ती गप्पगप्प असते, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, बीपीची गोळी चालू आहे. कुणीतरी सांगितलं की कोकणात 'फॉरेस्ट बाथिंग' नावाचा वॉक असतो, बरोबर गाईड असतो, तीन तासांचे माणशी १५०० रुपये, आणि स्ट्रेस, बीपी, झोप, इम्युनिटी सगळ्याला फायदा. तुमचं म्हणणं, आमचं स्वतःचं घर राजापूर तालुक्यात, मागे कलमांची बाग, आईचं लहानपणच रानात गेलं, मग झाडाखाली फिरायला पैसे कशाला मोजायचे, आणि मुळात हे खरं आहे की गंडवायचा नवा धंदा.

मी कुडाळकडची. बावीस वर्षं फिजिओथेरपी केली आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं हे हळू चालायचे वॉकपण घेते, म्हणजे तुम्ही ज्याला धंदा म्हणताय तो माझाच आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते. फॉरेस्ट बाथिंग खरं की खोटं हे तुम्ही विचारलंय खरं पण तुम्हाला काळजी आहे ती आईची, आणि आठ महिने झोप मोडतेय, बोलणं कमी झालंय, म्हटल्यावर पहिली पायरी जंगल नाहीये. फॅमिली डॉक्टरला दाखवा, थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन बघून घ्या, बीपीची गोळी नक्की कधी घेते ते विचारा, आणि दुःख आहे की आता डिप्रेशनकडे झुकलंय हे ज्याला कळतं त्याच्याशी एकदा बोलू द्या. मानसोपचारवाल्याकडे जायला आई तयार नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, सुरुवातीला तुम्ही स्वतःच फोन करून विचारलंत तरी चालतं. जेवण कमी होतंय किंवा 'आता जगून काय करायचं' असलं काही ती बोलत असेल तर पुढचं सगळं वाचायचं सोडा आणि आधी ते करा. हे होऊन वर जंगल असेल तर मला आवडेल, त्याच्याऐवजी जंगल असेल तर मी वॉक घेणारच नाही. एक-दोघांना मी असं परत पाठवलंय, एकांना राग पण आला होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. हा शब्द मूळचा जपानी, शिनरिन-योकू, शिनरिन म्हणजे जंगल आणि योकू म्हणजे अंघोळ. १९८२ साली जपानच्या वनखात्याने तो काढला, कुठल्याही प्राचीन ग्रंथातून आलेला नाही, लोकांनी शहरातून उठून जंगलात यावं, तब्येतीला बरं आणि जंगलांचीही कदर होईल असा सरळ सरकारी विचार होता. त्यामुळे कुणी 'हजारो वर्षांची जपानी परंपरा' म्हणून विकत असेल तर तिथेच भाव थोडा कमी करून घ्या. आणि उलट बाजूने आपल्याकडचे लोक लगेच म्हणतात की आमच्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, तेही मला पटत नाही. माझी आजी रानात जायची ती मोळी आणायला, पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, गोळा करायला आणि ढोरं शोधायला, ती कुठल्या झाडाला टेकून शांत बसली असेल असं मला वाटत नाही. पण ह्या आजीच्या मुद्द्याकडे मी परत येणार आहे, कारण तुमच्या आईचं कोडं तिथेच आहे.

अभ्यास काय सांगतात ते सांगते, पण मीठमिरची न लावता. जपानमध्ये २४ वेगवेगळ्या जंगलांत सुमारे २८० जणांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१० साली तो छापून आला, अर्धे जंगलात अर्धे शहरात आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. जंगलात लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, बऱ्यापैकी कमी आढळलं, नाडी थोडी मंदावली, आणि वरचं बीपी उतरलं ते दोन टक्क्यांच्याही आत. दोन टक्के म्हणजे १४० चं १३७-१३८. शिवाय ती सगळी विशीतली कॉलेजची पोरं होती, ६१ वर्षांच्या बाईचं काय होईल हे त्यातून आपण अंदाजानेच म्हणायचं. इम्युनिटीवाली गोष्ट येते ती तोक्योच्या डॉक्टर चिंग ली यांच्या कामातून, त्यांनी ऑफिसात काम करणारे बारा पुरुष तीन दिवस दोन रात्री जंगलात नेले, तर रक्तातल्या नॅचरल किलर, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या, पेशींचं काम वाढलेलं आढळलं आणि नंतरही बरेच दिवस टिकलं. चांगलं काम आहे, मी नाकारत नाही, पण बारा माणसं, तीन दिवस. तीन तासांच्या वॉकवर 'इम्युनिटी वाढवा' असं लिहिणं मला तरी जमणार नाही, आणि पेशी वाढल्या म्हणजे पुढे आजारपण कमी झालं असं त्यात कुणी दाखवलेलंही नाही.

अजून एक भानगड आहे. झाडं हवेत जे वासाचे तैलकण सोडतात, फायटोनसाईड म्हणतात त्यांना, त्यावर जपानचं बरंच काम आहे ते हिनोकी आणि सुगी या सूचिपर्णी झाडांवर, आपल्याकडे ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा असली रुंद पानांची झाडं. वास वेगळा, त्यातली रसायनं वेगळी, तिथला आकडा उचलून इथे चिकटवता येत नाही. (आणि त्याच सुगीच्या परागकणांनी दर वसंतात जपानमधल्या कोट्यवधी लोकांची नाकं गळतात, डोळे चुरचुरतात, ते जाहिरातीत येत नाही. आपल्याकडे सातवीण फुलली की काहींचं डोकं असंच धरतं.)

तुमच्या आईच्या बाबतीत मला जास्त कामाचा वाटतो तो वेगळाच अभ्यास, अमेरिकेत स्टॅनफर्डचा, २०१५ चा. काही जणांना ९० मिनिटं झाडं-गवत असलेल्या भागात चालवलं आणि बाकीच्यांना रहदारीच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. झाडांतून चाललेल्यांचं डोक्यात तेच तेच उगाळणं कमी झालं, रस्त्यावाल्यांचं झालं नाही. ते सगळे धडधाकट लोक होते आणि तो एकच वॉक होता, पण रात्री अडीचला जाग आल्यावर माणूस करतो काय, तर हेच उगाळत बसतो, हॉस्पिटलात आधी नेलं असतं तर, त्या दिवशी मी असं बोलले नसते तर. जंगल दुःख काढून टाकत नाही, पण लक्षाला दुसरीकडे टेकायला जागा देतं, आणि ती जागा टीव्हीसारखी खेचून घेणारी नसते. पान हललं, बघितलं, सोडलं. मोबाईलमध्ये मन अडकून राहतं, इथे नुसतं ठेवता येतं, डोक्याला आराम मिळतो तो त्यातूनच असं हे शास्त्रवाले म्हणतात आणि माझाही अनुभव तोच आहे.

माझ्या स्वतःच्या फजितीचं सांगते. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाचं बीपी वॉकच्या आधी आणि नंतर घ्यायचे आणि फार खूष असायचे, कारण जवळजवळ सगळ्यांचंच उतरलेलं दिसायचं. मग एक दिवस माझ्याच लक्षात आलं की आधीचं रीडिंग मी घेतेय ते माणूस घाट उतरून, गाडी लागून, रस्ता चुकून, उशीर झाला म्हणून धापा टाकत आल्याबरोबर. ते जास्त येणारच! नंतरचं रीडिंग सरबत पिऊन गप्पा मारत बसल्यावर. एवढी वर्षं फिजिओ करून मी ही चूक केली. आता आल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीवर टेकवते, बोलायचं नाही, पाय खाली टेकलेले, मग घेते. तेव्हापासून फरक बराच आटलाय, काहींचा थोडा उतरतो, काहींचा तिथेच राहतो. तेव्हा बीपीसाठी म्हणून आणत असाल तर नका आणू, आणि गोळी तर अजिबात बंद करायची नाही, वॉकनंतर बरं वाटलं म्हणून स्वतःच गोळी सोडलेले लोक मी पाहिलेत.

मग राहिलं काय? राहिली ती झोप, मन आणि श्वास, आणि हे तिन्ही तुमच्या आईच्या कामाचेच आहेत. सकाळी सातच्या आसपास दोन-तीन तास उघड्यावर काढले की डोळ्यांत सकाळचा उजेड जातो, शरीराचं घड्याळ त्यावर लागतं, रात्रीची झोप त्यातून थोडी सावरते, हे काही जंगलाचंच वैशिष्ट्य नाही, अंगणात बसलं तरी होतं. पण फ्लॅटमध्ये पडदे ओढून बसलेल्या माणसाला ते मिळतच नाही.

आता हळू का. लोकांना वाटतं हळू म्हणजे म्हाताऱ्यांसाठी सोपं केलेलं. तसं नाहीये हो, हळू चालणं अवघड आहे, ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांना जास्त अवघड. मी तीन तासांत दीड किलोमीटरच्या वर जात नाही, कधीकधी एकही होत नाही. नेहमीच्या वेगाने चाललं की डोकं आपलं काम चालू ठेवतं, पाय चालतात आणि आत हिशोब, भांडणं, याद्या सगळं सुरू. वेग इतका कमी केला की चालणं जवळजवळ थांबतंय, तेव्हा मात्र तोल सांभाळायला लक्ष द्यावं लागतं, पाऊल कुठे पडतंय बघावं लागतं, श्वास आपोआप लांबतो. पेशंटना मी तोल सुधारायला जो व्यायाम द्यायचे तो जवळपास हाच. आणि हे एकट्याने जमत नाही, दहा मिनिटांत माणूस वेग पकडतोच, म्हणून गाईड लागतो. गाईडचं काम ब्रेकचं. बाकी माहिती सांगणं वगैरे दुय्यम.

हे मला शिकवलं आमच्याच वाडीतल्या एका म्हाताऱ्या गुरवांनी. सुरुवातीला मी वॉकमध्ये अखंड बोलायचे, हा कुटुर्गा, हा हळद्या, ही गारंबीची वेल, ह्या सालीचा काढा अमक्याला देतात. ते एकदा राईच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या, तोंडाशी बसले होते, सगळं ऐकलं आणि म्हणाले, 'गो बाय, तू जरा गप रव, देवाक पण आयकाक जावंदे.' लोक हसले, मीपण हसले, पण त्या दिवसापासून निम्मं बोलणं बंद केलं आणि वॉक सुधारले.

तर माझ्या वॉकमध्ये नक्की होतं काय ते सांगते म्हणजे पैसे कशाचे ते कळेल. मोबाईल एका पिशवीत, पिशवी माझ्याकडे. पहिला अर्धा तास फक्त कान, सगळ्यात लांबचा आवाज कुठला, सगळ्यात जवळचा कुठला, लांबून कुकुडकुंभा (भारद्वाज) घुमतोय, खाली कुठेतरी पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी, वारं पडलेलं असेल तर समुद्राची गाज, आणि हो, हायवेचा ट्रकही ऐकू येतो, मी तो नाही असं म्हणत नाही. मग हात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तिच्यावर हात फिरवायचा, जांभ्याच्या दगडाचा सावलीतला गारवा बघायचा. मग नाक. पावसाळा सरताना तिरफळाखाली गेलो तर खाली पडलेलं एखादं तिरफळ बोटात चुरडायचं, आणि इथे कोकणातली माणसं हमखास हसतात कारण सगळ्यांना बांगड्याचं तिखलं आठवतं. मुंबईकर आणि पुणेकर 'सिट्रस' म्हणतात. मग वीस मिनिटं प्रत्येकाने एकट्याने एका जागी बसायचं, मला दिसेल इतक्या अंतरावर. ही वीस मिनिटं म्हणजेच खरा वॉक. पहिली आठ-दहा मिनिटं कंटाळा येतो, मुंगी चढते, पाय आखडतो, घड्याळ नसल्याने जीव कासावीस होतो, आणि मग कधीतरी ते सुटतं. सगळ्यांचं सुटत नाही. शेवटी गवती चहा किंवा कोकम सरबत, ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, नाही बोलला तरी चालतं.

इथे बऱ्याचदा रडू येतं माणसांना. तुमच्या आईला आलं तर घाबरू नका, थांबवू नका, 'नको रडू' म्हणू नका, पाणी द्या आणि बाजूला बसा. उलट काही आलंच नाही तरी वॉक फुकट गेला असं समजू नका. पण रडणं थांबतच नाहीये, श्वास लागतोय, छातीत भरून आलंय असं असेल तर वॉक तिथे संपला, ते मग जंगलाचं काम नाही, डॉक्टरचं.

आता आजीच्या मुद्द्याकडे. तुमच्या आईचं लहानपण रानात गेलंय म्हणजे तिला हे लगेच भावेल असं तुम्ही धरून चाललाय, आणि मीही पूर्वी तसंच धरायचे. एकदा सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या, नातीने हौसेने आणलेलं. राईत शिरल्या आणि लागल्या सुक्या काटक्या वेचायला. देवराईतली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही हा आमच्या गावचा नियम, आणि वरून माझं 'आजी, आज काही करायचं नाही, फक्त बघायचं'. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'बघूचा काय तेच्यात? झाडांच ती.' काटक्या टाकल्या, पण मग हात कुठे ठेवायचे त्यांना कळेना, नुसत्या उठबस करत राहिल्या, अर्ध्या तासात नातीला घेऊन निघाल्या. मला वाटलं ह्यांना जमलं नाही. खरं तर मला जमलं नव्हतं. ज्या बाईसाठी रान म्हणजे आयुष्यभर कामाची जागा, डोक्यावरचं ओझं आणि सासूची हाक, तिला नुसतं बसवणं म्हणजे शिक्षाच.

पुढच्या मे महिन्यात त्या परत आल्या, तेव्हा मी त्यांना राईत नेलंच नाही. राईबाहेरच्या आमच्या रातांब्याच्या (कोकमाच्या) झाडांखाली नेलं आणि हातात टोपली दिली. वेचा म्हटलं, पण एक अट, एका वेळी एकच, आणि टाकायच्या आधी वास घ्यायचा. दोन तास त्या वेचत होत्या, मध्येच ओव्या गुणगुणायला लागल्या, मग माहेरच्या गोष्टी, मग गेलेल्या मुलाबद्दल, जो विषय म्हणे त्या घरात काढतच नव्हत्या. नातीचा नंतर फोन आला की त्या रात्री जी झोपली ती पहाटेच उठली. आता हे जंगलामुळे, की बोलून हलकं झाल्यामुळे, की दोन तास वाकून दमल्यामुळे, मला सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही मला वाटत नाही.

म्हणून तुमच्या आईला आधी विचारा तरी, तिला रानात जायचंय का, आणि गेली तर काय करायला आवडेल. हाताला काहीतरी द्या. दुर्वा, फुलं, काहीही.

स्वतःच्या बागेत फिरलं तर चालणार नाही का, ह्याचं उत्तर चालेल, बऱ्याच अंशी चालेल, पण दोन गोष्टी बघा. एक, कलमांच्या बागेत मोहोर आला की फवारण्या सुरू होतात, साधारण डिसेंबरपासून पुढे आंबा तयार होईपर्यंत चालतात, तेव्हा बाग कराराने दिलेली असेल तर घेणाऱ्याला विचारून घ्या कधी मारलंय, फवारलेल्या बागेत दीर्घ श्वास घ्यायला आईला नेऊ नका. दोन, बाग म्हटली की तुमच्या घरात हिशोब आला असणार, कुठलं कलम मेलं, गडी आला नाही, वाटणीचं काय झालं. आईचं डोकं तिथे शांत होईल की अजून चालू होईल हे तुम्हालाच माहीत. शक्यतो गावची राई, नाहीतर पऱ्याकाठची वाट बघा. देवराईत जायचं तर आधी गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारा, चप्पल बाहेर काढायची असते का, बायकांना आत जाऊ देतात का, काही ठिकाणी नाही देत. मला तो नियम पटत नाही पण दुःखातल्या माणसाला घेऊन जाते तेव्हा मी वाद घालत नाही, दुसरी राई बघते. आणि घराबाहेर जंगलच हवं असंही नाही. इंग्लंडमध्ये जवळजवळ वीस हजार लोकांची माहिती घेऊन २०१९ साली एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि मन जास्त बरं असल्याचं आढळलं, मग ते एका दमात असोत की तुकड्यातुकड्यात. ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात असंही त्यात असू शकतं म्हणा. पण मी माझ्या लोकांना तेच सांगते, वर्षातून एकदा १५०० देऊन माझ्याकडे येण्यापेक्षा आठवड्यातून चारदा अर्धा तास एकाच झाडाखाली बसा, डोंबिवलीत सोसायटीचं का असेना. ठरलेलं झाड, ठरलेली वेळ. माझा धंदा बुडवणारा सल्ला आहे हा, तरी देते. वॉकचा उपयोग म्हणजे ते बसायचं कसं हे एकदा अंगात उतरतं.

ऋतूचं बघा. कापणी उरकली की नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी सकाळी छान गारवा असतो, तेव्हा या. मे महिन्यात मुंबईकर गर्दी करतात पण सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, कातळ तापतो, घामाने जीव जातो, सकाळी नऊच्या पुढे काही खरं नाही. पावसाळ्यात रान सगळ्यात देखणं, पण जळवा, चिखल, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती, साचलेल्या पाण्यात अनवाणी चालायचं नाही म्हणजे नाही, कितीही 'मातीशी नातं' वगैरे कुणी म्हणालं तरी. आणि जपानी पुस्तकी पद्धत म्हणते जमिनीवर आडवे व्हा, पानांवर लोळा. आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीच्या पट्ट्यात गोचिडीतून पसरणारा माकडताप आहे, हिवाळ्यापासून ते पावसापर्यंत त्याचे दिवस, तिकडे पातेऱ्यात बसणं म्हणजे आजार ओढवून घेणं. माकडं मेलेली आढळली असतील त्या भागात जायचंच नाही. तुमचं राजापूर त्या पट्ट्यात नाही, तरी मी सगळीकडे घडीची खुर्ची आणि पूर्ण पायाचे कपडे हेच सांगते. राजापुराकडे कातळावर फुरसं असतं, तेव्हा दगडाखाली हात घालायचा नाही, पाऊल बघून टाकायचं. पण खरं सांगू का, नऊ वर्षांत माझ्याकडे साप कुणाला चावला नाही, शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरून मनगट मात्र एकीचं मोडलं. साठीच्या बाईला भीती आहे ती घसरण्याची. काठी द्या, ग्रिपवाली चप्पल किंवा बूट द्या, नवे बूट नकोत.

पैसे देऊन गाईड घ्यायचाच असेल तर फोनवर त्याला विचारा किती किलोमीटर चालणार. उत्तरात धबधबा, व्ह्यू पॉइंट आणि सहा किलोमीटर आलं तर तो ट्रेक आहे, नाव काहीही असो. किती माणसं असतात विचारा, आठाच्या वर मी घेत नाही, वीस जणांत शांतता होत नाही. गावाची परवानगी घेतलीय का, अँटीव्हेनम असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे त्याला पटकन सांगता आलं पाहिजे, अडखळला तर राहू दे. आणि टॉयलेटचं विचारा. हे कुणी बोलत नाही पण आमच्या वयाच्या बायका त्याच भीतीने सकाळपासून पाणी पीत नाहीत, वर बीपीची काही गोळी लघवी जास्त करणारी असते, मग चक्कर. मी आधीच सांगते, मध्ये कुठे थांबता येईल, कोण बरोबर येईल. एवढं सांगितलं की निम्म्या बायकांचा चेहरा सैल पडतो, झाडं बघायच्या आधीच.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. डॉक्टरांचं आटपून डिसेंबरात आईला आठ-दहा दिवस गावी घेऊन गेले असते, सुट्टी नसेल तर मावशीला नाहीतर कुणाला तिच्यासोबत ठेवून. रात्रीच्या गाडीने उतरल्या दिवशी काही करायचं नाही, झोपू दे. मग रोज सकाळी चहा पिऊन तासभर, जवळच, हळू, तुम्ही पुढे चालायचं नाही, तिच्या मागे राहायचं म्हणजे वेग तिचा राहील. बाबांचा विषय तुम्ही काढू नका, तिने काढला तर बदलू नका. तीन-चार दिवसांनी तिला आवडतंय असं वाटलं तर एखादा गाईडचा वॉक घ्या, नाही वाटलं तर ते १५०० वाचले. आणि परत आल्यावर डोंबिवलीत झाड शोधा, बघण्यापुरतं तरी. खिडकीतून दिसणारं झाडही चालतं, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचा अभ्यास आहे १९८४ चा, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना कडक पेनकिलरही कमी लागल्या. लहान अभ्यास आहे, पण पलंगाची दिशा बदलायला आपला खर्च काय होतो.

झोपेची एक साधी वही ठेवा, किती वाजता जाग आली, दुपारी किती झोपली, एवढंच, गावी जायच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तीच वही न्या, 'बरं वाटतंय' ह्या उत्तरापेक्षा त्यांना तिचा उपयोग जास्त होईल. आणि गावी बीपीचं मशीन नेणार असाल तर दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको, आणि कफ आईच्या दंडाला नीट बसतोय ना ते दुकानातच लावून बघा.